फ्लोरिडाच्या रानातली ब्रोमेलियाड्स: बागेत जिवंत झाड सांभाळणं हे खरं संवर्धन आहे का?

गुलबक्षी_टँपा
नमस्कार मंडळी. बागकाम विभागात ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातली झाडं) आणि एअर प्लांट (त्यातलीच, मातीविना फांदीवर वाढणारी) यांवर "कुंडी कुठली, पाणी किती" असे धागे भरपूर आहेत, पण ही झाडं मुळात जिथली आहेत तिथे त्यांचं काय चाललंय यावर कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहितेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

फ्लोरिडात ब्रोमेलियाडच्या १६ मूळ जाती आहेत. ओक, सायप्रसच्या फांद्यांवर बसलेली, झाडाचा रस न पिता पावसाच्या पाण्यावर आणि पानात साठलेल्या कचऱ्यावर जगणारी. १९८९ मध्ये ब्रॉवर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हाच म्हणा) मेक्सिकोचा एक भुंगा सापडला, मेटामेसियस कॅलिझोना. शोभेची ब्रोमेलियाड्स आयात व्हायची त्यांच्यासोबत आला. तेव्हापासून तो दक्षिण आणि मध्य फ्लोरिडात पसरलाय आणि १६ पैकी १२ जातींना त्याचा धोका आहे. सगळ्यात जास्त मार बसलाय तो टिलँडसिया युट्रिक्युलाटाला, इथे जायंट एअरप्लँट म्हणतात ते. पूर्वी अगदी सगळीकडे दिसणारं झाड, आज राज्याच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत आहे. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं, तेही दहा-वीस वर्षं वाढल्यावर, बी धरतं आणि मरतं. भुंगा नेमका मोठ्या झाडावर अंडी घालतो आणि अळी आतला गाभा खाते, म्हणजे इतकी वर्षं वाढलेलं झाड बी न टाकताच जातं.

मी इथल्या एका बोटॅनिकल गार्डनच्या ग्रीनहाउसमध्ये स्वयंसेवक म्हणून जाते. तिथे या जाती जिवंत ठेवल्यात, बियांपासून रोपं करतात. मला ते काम मनापासून महत्त्वाचं वाटतं. पण आमच्या ग्रुपमधलेच काही जण म्हणतात की रानात भुंगा आहे तोवर याचा उपयोग शून्य, नुसतं काचेच्या घरात म्युझियम मांडल्यासारखं आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्याकडे असं काम कुणी जवळून बघितलंय का?

निवांत_काका
वाचतोय. छान विषय. भुंगा म्हणजे नक्की कसला? फुलावर बसतो तो का?

पोफळी
काका, फुलावरचा नव्हे. आमच्याकडे फोंड्याला माडाला लागतो ना लाल सोंड्या, त्याचाच चुलतभाऊ असणार. गुलबक्षीताईंनी लिहिलंय ते वाचताना अंगावर काटा आला कारण अगदी तोच प्रकार. सोंड्या माडात शिरला की बाहेरून महिनोन् महिने काही कळत नाही, खोडातून तांबूस चिकट पाणी गळायला लागतं, कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज, आणि एक दिवस मधला कोंब हातात येतो. कोंब गेला की माड संपला. ताई, तुमच्याकडे पण मधला कोंबच जातो का?

गुलबक्षी_टँपा
@पोफळी, हो, अगदी तसंच! मधली पानं हलकेच ओढली तर अख्खा जुडगा हातात येतो, बुडाशी कुरतडलेलं आणि तपकिरी चिकट. कधीकधी आत पानांच्या धाग्यांचा कोश पण सापडतो. आणि नातं तुम्ही बरोबर ओळखलंत, दोघं एकाच उपकुळातले सोंडकिडे आहेत.

रानभैरी
मी विरोधी पार्टीत. मनापासून लिहितोय, राग मानू नका.

सह्याद्रीत बरीच वर्षं भटकतोय. "आम्ही दुर्मिळ झाड वाचवलं" असं सांगणाऱ्या बऱ्याच ठिकाणी जाऊन आलोय. बघायला काय मिळतं? कुंडी, कुंडीवर उन्हाने उडालेलं लेबल, झाड कुठून आणलं विचारलं तर "घाटातून". कुठल्या घाटातून, किती झाडांपासून, कुणी, कधी, काही पत्ता नाही. आणि तिकडे मूळ जागेवर रस्ता रुंद झाला की हेच लोक म्हणतात काळजी नको, आमच्याकडे आहे ना ते झाड. हा सगळ्यात मोठा धोका. कुंडीतलं झाड दाखवून डोंगर फोडायची परवानगी मिळते.

आणि ब्रोमेलियाड म्हणजे एकटं झाड नाही. त्याच्या पानांच्या पेल्यात पाणी साठतं, त्यात बेडूक, अळ्या, कोळी, अख्खा संसार असतो. तुम्ही ग्रीनहाउसमध्ये झाड वाचवलं, त्या संसाराचं काय?

ऑर्किडवेडी
रानभैरींशी अर्धी सहमत. लेबलचा मुद्दा १००% खरा. पण "उपयोग शून्य" हे नाही पटत, कारण काही वेळा दुसरा रस्ताच नसतो. फ्लोरिडाच्या बाबतीत डोंगर फोडलेला नाही, रान जागेवर आहे, ओक जागेवर आहे, फक्त एक परका किडा आलाय. जंगल राखून ठेवलं म्हणून किडा थांबत नाही ना.

हरितद्रव्य
वनस्पतिशास्त्र शिकवतो, ब्रोमेलियाड माझा विषय नाही पण या भुंग्याची गोष्ट वर्गात दरवर्षी सांगतो म्हणून थोडी भर.

या भुंग्याची अळी वाढायला झाडाचं खोड पुरेसं जाड लागतं. त्यामुळे छोटी रोपं वाचतात, मोठी मरतात. परिणाम असा की रानात गेलात तर फांद्यांवर छोटी छोटी रोपं दिसतात आणि माणसाला वाटतं की सगळं ठीक आहे. पण ती फुलायच्या वयाला पोचत नाहीत. बी टाकणारी झाडं संपत जातात, जुन्या बियांची रोपं तेवढी उरतात, मग तीही मोठी होऊन मरतात. मायाक्का रिव्हर स्टेट पार्कमध्ये टिलँडसिया युट्रिक्युलाटाचं हेच झालं, काही वर्षांत झपाट्याने.

आता फवारणी का नाही? उंच झाडांच्या शेंड्यावर, दलदलीत, हजारो एकरांवर फवारणार कसं? आणि फवारलं तर रानभैरी म्हणतात तो पेल्यातला संसारच आधी मरेल.

मग जैविक नियंत्रण. फ्लोरिडात मेटामेसियस मोसिएरी नावाचा एक स्थानिक भुंगा आहे, तो ब्रोमेलियाडच खातो पण इतका विध्वंस करत नाही. बाहेरच्या भुंग्याला मात्र इथे आवरणारं कुणी नाही. म्हणून फ्लोरिडा विद्यापीठाच्या लोकांनी मध्य अमेरिकेत शोध घेतला आणि होंडुरासमध्ये एक माशी सापडली, लिक्साडमोंटिया फ्रँकी, तिच्या अळ्या भुंग्याच्या अळीला आतून खातात. प्रयोगशाळेत वाढवून २००७ पासून रानात सोडली. काही भुंग्यांच्या अळ्यांमध्ये ती सापडलीही, पण कायमची स्थिरावली नाही.

म्हणजे आज परिस्थिती अशी की रान आहे, झाडाला बसायला फांदी आहे, पण बी तयार करणारी झाडं नाहीत आणि किड्यावर रामबाण उपाय नाही. अशा वेळी मधल्या काळात बी चालू ठेवणं, एवढंच काम जिवंत संग्रह करतो. एवढंच, पण दुसरं कुणी ते करू शकत नाही.

शेवंता
हरितद्रव्य सर, मग बियाणं पेढीत ठेवा ना. तांदळाची ठेवतात तशी. झाडं सांभाळायचा इतका खटाटोप कशाला?

हरितद्रव्य
@शेवंता, चांगला प्रश्न. टिलँडसियाचं बी अगदी हलकं असतं, पिसासारखा झुपका असलेलं, वाऱ्यावर उडून सालीला चिकटायचं. साध्या हवेत ठेवलं तर काही महिन्यांतच उगवण घसरते. नीट वाळवून गारठ्यात ठेवलं तर जास्त टिकवता येतं आणि तेही करायलाच हवं. पण बी काढायला आधी फुललेलं झाड हवं, ते रानात मिळेना झालंय. शिवाय साठवलेल्या बियांपासून मोठं झाड करायला परत दहा-पंधरा वर्षं. म्हणून दोन्ही लागतं, पेढी पण आणि वाढती झाडं पण.

मिरची_मसाला
दहा-वीस वर्षांनी एकदा फुलणार आणि मग मरणार. आमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटपेक्षा तरी लवकर आहे.

निवांत_काका
@मिरची_मसाला 😄

बरं माझा एक व्यावहारिक प्रश्न. गच्चीत तीन-चार ब्रोमेलिया आहेत, शोभेचेच. पानात पाणी साठतं त्यावरून आमच्याकडे महापालिकेचा माणूस येऊन गेला, डेंग्यूच्या अळ्या होतील म्हणाला, काढून टाका. आता इथे तुम्ही सगळे त्या पेल्यातल्या संसाराचं कौतुक करताय. काय करू?

मियामीकर
काका, हा वाद आमच्याकडे २०१६ मध्ये झिका आला तेव्हा जोरात झाला होता. मियामी बीचवर ब्रोमेलियाड्स उपटून टाकली गेली, लोकांनी पण घराघरांतून काढली. वाईट वाटलं फार. पेल्यात डास होतात हे खोटं नाही, पण फ्लोरिडाच्या रानातल्या ब्रोमेलियाडमध्ये मुख्यतः वायोमिया जातीचे डास असतात, डेंग्यूवाला एडिस नव्हे. आणि रिओ दि जानेरोमध्ये अभ्यास झाला त्यात एडिस इजिप्तीच्या एकूण अळ्यांमध्ये ब्रोमेलियाडचा वाटा अगदीच नगण्य निघाला. खरे कारखाने म्हणजे टाक्या, टायर, बादल्या, कुंडीखालच्या ताटल्या.

तुम्ही आठवड्यातून एकदा पाइपाने जोरात पाणी मारून पेला धुऊन काढा, जुनं पाणी सांडलं की अळ्या पण गेल्या. किंवा बीटीआयचे (डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूचे) दाणे मिळतात ते टाका, झाडाला काही होत नाही. आणि पालिकेच्या माणसाशी भांडू नका, त्याच्यासमोरच धुऊन दाखवा.

निवांत_काका
हे बरं झालं. धन्यवाद. आता त्या ताटल्या पण बघतो.

कोल्हापूरचा_दाजी
मूळ प्रश्नाकडे येतो, "आपल्याकडे कुणी जवळून बघितलंय का". मी बघितलंय. आमच्या शिवाजी विद्यापीठात.

कंदीलपुष्प म्हंजे सेरोपेजिया, रानातली माणसं खर्चुडी म्हणतात, तिचा कंद खातात. सह्याद्रीत याच्या कितीतरी जाती अशा आहेत की जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. प्रा. एस. आर. यादव सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी घाट, पठारं, कडे पालथे घालून ह्या जाती शोधल्या, विद्यापीठाच्या बागेत आणून लावल्या, वाढवल्या आणि परत रानात नेऊन पण लावल्या. हे परत नेणं महत्त्वाचं हाय. रानभैरी म्हणतात तसली लेबल नसलेली कुंडी आणि हे काम यात जमीन अस्मानाचा फरक. तिथं कुठलं झाड कुठल्या कड्यावरचं हे माहीत असतं.

पावसाळ्यात कधी कोल्हापूरला आलात तर कंदीलपुष्पं फुललेली बघा. आणि मग तांबडा पांढरा आहेच.

रानभैरी
@कोल्हापूरचा_दाजी, यादव सरांच्या कामाबद्दल प्रश्नच नाही, साष्टांग नमस्कार. पण ते काम करणारा माणूस आयुष्यभर कड्यांवर चढलेला होता, रानाची माहिती आधी आणि बाग नंतर. माझा आक्षेप उलट क्रमाला आहे. आधी ग्रीनहाउस, आधी उद्घाटन, मग झाडं आणा कुठून तरी.

ऑर्किडवेडी
केरळात वायनाडला गुरुकुल बोटॅनिकल सँक्च्युअरी आहे, १९८१ मध्ये वोल्फगँग थॉयरकाउफ यांनी सुरू केलेली. तिथली पद्धत मला फार आवडते. जिथे जंगल तुटणार हे ठरलंय तिथून झाडं उचलून आणायची आणि जंगलासारख्याच वातावरणात ठेवायची, दगडांवर, ओंडक्यांवर, झाडांच्या फांद्यांवर. ऑर्किड, नेचे, शेवाळी, तेरडे. काचेच्या घरापेक्षा ही जागा रानाच्या जास्त जवळ. झाडासोबत बेडूक, किडे पण आपसूक येतात. रानभैरी, तुमच्या "संसाराच्या" प्रश्नाचं थोडं उत्तर तिथे सापडेल.

पोफळी
एक शंका. आमच्या कुळागरात अननस आहे, तो पण ब्रोमेलियाडच ना? पोर्तुगीजांनी आणला म्हणतात. मग आम्ही पण जिवंत संग्रह सांभाळतोच की चारशे वर्षं! 😀 अननसाचं सासव करायला या कधीतरी.

हरितद्रव्य
@पोफळी, अननस याच कुळातला, हे अगदी बरोबर. तुम्ही गमतीत लिहिलंत पण त्यातून एक महत्त्वाचा मुद्दा निघतो.

अननसाची लागवड पिल्लांपासून नाहीतर शेंड्यापासून करतात. बी होत नाही, कारण एकाच जातीचा पराग त्या जातीला चालत नाही. म्हणजे 'क्यू' जातीचा लाख झाडांचा मळा असला तरी आनुवंशिक दृष्टीने ते एकच झाड लाख वेळा लावलेलं आहे. पिकासाठी ठीक. पण संवर्धनासाठी लाख आकडा सांगितला तरी तो एक.

आपल्या शिवसुमनाचं बघा, शिवनेरीच्या कड्यावरचं ते दुर्मिळ झाड. फांदी खोचली की लागतं, त्यामुळे आज कितीतरी लोकांच्या घरी कुंडीत आहे. आनंदच आहे. पण त्यातली बरीचशी चार-दोन मूळ झाडांच्या फांद्या असतील तर कड्यावरच्या झाडांमध्ये जी विविधता होती ती त्या कुंड्यांत नाही. एखादा रोग आला, उन्हाळा वाढला, तर सगळ्या एकसारख्या बळी पडणार.

म्हणून बागेने किती झाडं ठेवली यापेक्षा किती वेगवेगळ्या आईझाडांची संतती ठेवली हे विचारायला हवं. गुलबक्षीताई, तुमच्याकडे हे कसं करतात?

गुलबक्षी_टँपा
सर, हा माझ्या आवडीचा भाग!

प्रत्येक झाडाला एक नंबर असतो आणि त्या नंबरामागे पूर्ण नोंद असते, बी कुठल्या काउंटीतून, कुठल्या झाडावरून, कुणी आणि कधी आणलं. एका आईझाडाची रोपं एका ट्रेमध्ये, दुसऱ्याची दुसऱ्यात, मिसळायची नाहीत. माझं अर्धं काम म्हणजे लेबलं तपासणं, रानभैरींना ऐकून बरं वाटेल. लेबल हरवलं की झाड जिवंत असलं तरी रानात परत न्यायच्या कामातून बाद, ते मग नुसतं दाखवायला.

दुसरी काळजी संकराची. ग्रीनहाउसमध्ये शेजारी शेजारी दहा देशांच्या टिलँडसिया फुललेल्या असतात, रानात ज्या कधी भेटल्या नसत्या. तिथे आपोआप धरलेलं बी शुद्ध असेलच असं नाही. म्हणून ज्या झाडाचं बी परत रानासाठी हवं ते वेगळं ठेवतात.

पण सगळंच काचेत होत नाही. टायटसव्हिलच्या एन्चँटेड फॉरेस्ट सँक्च्युअरीत रानातच जाळीचे पिंजरे करून त्यात मोठी झाडं ठेवलीत. भुंगा आत येऊ शकत नाही, झाड त्याच हवेत, त्याच पावसात फुलतं, बी तिथल्या तिथेच रानात जातं. मला हे सगळ्यात पटतं.

आणि सारासोटाचं मेरी सेल्बी गार्डन तर अशा झाडांवर राहणाऱ्या वनस्पतींसाठीच जगभर प्रसिद्ध आहे, १९७५ पासून लोकांसाठी खुलं. ब्रोमेलियाड ओळखण्याचं मोठं काम तिथे झालंय. ज्याला या कुळात रस आहे त्याने एकदा तरी बघावं.

मियामीकर
सारासोटाचं नाव निघालं म्हणून. ९ ऑक्टोबर २०२४ ला मिल्टन वादळ सिएस्टा की बेटापाशी जमिनीवर आलं, सारासोटाच्या अगदी दाराशी. त्याच्या दोन आठवडे आधी हेलीन. किनाऱ्यावरच्या बागांची झाडं एका रात्रीत जाऊ शकतात, वीज गेली तर ग्रीनहाउसचे पंखे बंद, पाणी बंद. म्हणून एका जातीची सगळी झाडं एकाच बागेत ठेवणं मला जोखमीचं वाटतं. तीच संतती दोन-तीन ठिकाणी, त्यातली एक तरी किनाऱ्यापासून लांब हवी. बागांनी एकमेकांना झाडं द्यायला हात आखडता घेऊ नये.

शेवंता
पण मग रान पण वादळात सापडतंच की.

मियामीकर
@शेवंता, सापडतं, पण या झाडांना ते नवीन नाही. फांदी तुटली तरी बी कुठेतरी आधीच उडून गेलेलं असतं. अडचण अशी की आता ते बीच नाही. पूर्वी वादळानंतर भरून निघायचं ते आता निघत नाही.

रानवाटा_साओ_पावलो
मराठी आहे, नोकरीनिमित्त ब्राझीलमध्ये. धागा वाचून राहवलं नाही.

ब्रोमेलियाडचं खरं माहेर इकडे. अख्ख्या कुळात साडेतीन हजारांहून जास्त जाती, सगळ्या अमेरिका खंडांतल्या, फक्त एक पश्चिम आफ्रिकेत. इथल्या अटलांटिक जंगलात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या डोंगरातल्या जंगलात तर प्रत्येक खडकाची वेगळी जात सापडते. आणि हे जंगल आता तुकड्या तुकड्यांत उरलंय. तुमच्या फ्लोरिडात रान आहे आणि किडा आलाय, इथे रानच गेलंय.

रिओजवळ बुर्ले मार्क्स यांची सिटिओ (मळा-बाग) आहे, २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा केली. ते बागांचे आराखडे करणारे, पण रानात फिरून झाडं जमवायचे, साडेतीन हजारांवर जाती आहेत तिथे, ब्रोमेलियाड्स भरपूर. ब्रोमेलियाडला लोक तण समजत होते तेव्हा त्यांनी ती शहरातल्या बागांत आणली. या संग्रहामुळे लोकांना ही झाडं प्रिय झाली हे मी डोळ्यांनी बघतोय.

पण त्याची दुसरी बाजू पण आहे. झाडं प्रिय झाली तशी रानातून ओरबाडून रस्त्याच्या कडेला विकायला आली. म्हणून विकत घेताना "नर्सरीत बियांपासून वाढवलेलं आहे का" हे विचारणं फार गरजेचं. रानातून काढलेलं झाड ओळखता येतं, पानं फाटलेली, मुळांना साल चिकटलेली, आकार वेडेवाकडे. नर्सरीतली सगळी एका मापाची असतात.

ऑर्किडवेडी
@रानवाटा_साओ_पावलो, आपल्याकडे सीतेच्या वेणीचं (रानातलं ऑर्किड) तेच. आठवडी बाजारात सालीसकट ओरबाडलेल्या जुड्या. बघवत नाही.

रानभैरी
सगळे प्रतिसाद शांतपणे वाचले. थोडा सरकतो माझ्या जागेवरून.

जाळीच्या पिंजऱ्याचा प्रकार माहीत नव्हता, तो पूर्ण मान्य. संग्रह रानाच्या आत आणि बी थेट रानात, यात तक्रारीला जागा नाही. लेबल आणि आईझाडांच्या नोंदी सांभाळणारी बाग पण मान्य. पण एक हट्ट सोडणार नाही. कुठल्याही बागेने "आम्ही ही जात वाचवली" असं लिहायच्या आधी कुठल्या रानात, किती झाडं परत गेली आणि त्यातली किती टिकली हे लिहावं. नसेल लिहिता येत तर संग्रह म्हणा, संवर्धन म्हणू नका.

गुलबक्षी_टँपा
रानभैरी, मला हे मान्य आहे पण एक सांगू का. भुंगा रानात असेपर्यंत परत नेलेली झाडं मोठी झाली की परत मरणार, हे आम्हाला माहीत आहे. तरी रोपं न्यायची, कारण काही वर्षं ती तिथे असतात, आणि काही जागी, खूप उत्तरेकडे किंवा एकट्या झाडांवर, भुंगा पोचत नाही आणि ती फुलतात. "किती टिकली" या एकाच आकड्यावर पारखलं तर हे काम बंदच करावं लागेल. मला ते बंद व्हायला नको आहे. हरितद्रव्य सर म्हणाले तसं हा मधला काळ आहे, आणि तो किती लांबेल हे आपल्या हातात नाही, तोवर प्रत्येक काउंटीची संतती जिवंत राहिली पाहिजे. त्या काउंटीतलं शेवटचं मोठं झाड मेल्यावर ती कुठूनही आणता येणार नाही.

हरितद्रव्य
+१ गुलबक्षीताई.

कोल्हापूरचा_दाजी
ताई, नादखुळा.

नवा_ऑर्लँडो
नमस्कार, नवीन सदस्य. धागा उशिरा सापडला. परवाच्या वादळात आमच्या मागच्या अंगणातल्या ओकची फांदी पडली आणि तिच्यावर दोन मोठी ब्रोमेलियाड्स आहेत, राखाडी हिरवी पानं, हात पसरला तर मावणार नाहीत एवढी. बायको म्हणते कचऱ्यात नको. काय करू? बागेला देऊ का?

गुलबक्षी_टँपा
@नवा_ऑर्लँडो, कचऱ्यात अजिबात टाकू नका, वहिनींचं बरोबर आहे!

आधी तपासा. मधली पानं बोटाने हलकेच ओढा. घट्ट असतील तर झाड चांगलं आहे. सुटून आली, बुडाशी तपकिरी चिकट दिसलं तर आत अळी आहे, मग ते झाड जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, नाहीतर भुंगा तिथून उडून शेजारच्या झाडावर जाईल.

चांगलं असेल तर अंगणातल्याच दुसऱ्या ओकवर बांधा. मासे पकडायची नायलॉन दोरी किंवा जुने स्टॉकिंग्ज वापरा. तांब्याची तार बिलकुल नको, तांबं या झाडांना विष आहे. पेला वरच्या दिशेला, पाणी साठेल असा.

तुमच्याच आवारातलं आहे म्हणून एवढं करता येतं. दुसऱ्याच्या जागेतून घ्यायचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आणि राज्याच्या कृषी खात्याचं परमिट लागतं, आणि स्टेट पार्कमधून पडलेलं सुद्धा उचलायचं नाही.

बागेला लगेच देऊ नका, आधी फोटो पाठवून विचारा, सगळ्या बागांकडे जागा नसते. पण तारीख, तुमची काउंटी आणि झाड ओकवर किती उंचीवर होतं हे आजच लिहून ठेवा. पुढे फुललं तर ते बी हवंय.

नवा_ऑर्लँडो
ओढून बघितलं. एकाचा गाभा हातात आला, आत दोन पांढऱ्या अळ्या. दुसरं एकदम घट्ट. पहिलं पिशवीत बांधलंय. दुसऱ्याला बांधायला शिडी शेजारच्याकडे मागितलीय.

पोफळी
शिडी नीट धरायला सांगा कुणाला तरी. आणि दोरी आवळून बांधू नका, थोडी ढिली.